एफ-बारा, टॅब, पी

गावात कोर्ट असलं की कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान असतं, दुकानात एक कॉम्प्युटर असतो आणि कॉम्प्युटरपुढं सर असतात. धाराशिव जिल्ह्याचे तालुके आठ: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. त्या हिशेबानं सरही आठच असायला हवेत, पण एकेका बोळात दोन-दोन निघतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. ‘त्याला पेजमेकर नीट येत न्हाई’ हे दोघांचंही दुसऱ्याविषयीचं मत. म्हणून इथं वर्णन एका सरांचं दिसलं तरी ते कुणा एकाचं नाही. आपापल्या तालुक्यात जाऊन बघा, चार खुणा तरी जुळतीलच.

सर कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. ऐन उमेदीत टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये इन्स्ट्रक्टर होते, तेवढ्यावर ही पदवी चिकटली ती चिकटली. तो काळ मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ३०, इंग्रजी ४० असा होता. मिनिटाला इतके शब्द पडले की पास. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत शेवटची ओळ त्या प्रमाणपत्राची असायची, आणि अर्ध्या जिल्ह्याचे कारकून सरांनी ‘बोटं उचला, मनगट नको’ असं ओरडून घडवले. आता ती सरकारी परीक्षाही कॉम्प्युटरवर होते. टाइपरायटर भंगारात गेले. सरांचा हात मात्र रेमिंग्टनवर बसला तो बसला. की-बोर्डाचं बटण फुंकरीनं दबेल इतकं हलकं असलं, तरी ते त्याला ठोसाच मारतात. दर सहा महिन्यांनी नवा की-बोर्ड येतो आणि जुन्याची कोरी बटणं बघून गिऱ्हाइकं म्हणतात, “सर, याच्यावर तर काईच लिव्हलेलं न्हाई.” सरांना त्याचा पत्ताही नसतो. खाली बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नाही.

टाइपरायटरच्या संस्कारातून दोन व्रतं आली. पहिलं म्हणजे माऊसला हात लावायचा नाही. माऊस दुकानात आहे, पण तो पंख्याच्या वाऱ्यानं लेजर पेपर उडू नयेत म्हणून. कुणी पलीकडून वाकून, “सर, इथं क्लिक करा की,” म्हणालं, की सर असा चेहरा करतात, जणू भर पंगतीत कुणी चमचा मागितला. दुसरं व्रत कंट्रोल झेडचं. मशीनवर चूक झाली की पान गेलं, कार्बन गेला, वर तिन्ही प्रती गेल्या. तिथं केलेलं परत घेण्याची सोय नव्हती. म्हणून केलेलं परत घेणाऱ्या माणसांविषयी आणि बटणाविषयी त्यांचं मत सारखंच आहे. चूक झाली तर ते ती सरळ खोडून पुन्हा टाइप करतात, आणि करताना गिऱ्हाइकाकडं बघतात; चूक त्याचीच होती असं वाटावं इतक्या सराईतपणे.

उलट कंट्रोल एस हा त्यांचा नामजप. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात वीज कधी जाईल याचं वेळापत्रक असायचं आणि ती त्या वेळापत्रकाशिवायही जायची. अठरा पानांचं खरेदीखत सतराव्या पानावर असताना पडदा काळा झाला, असं आयुष्यात एकदा घडलं की पुरतं. तेव्हापासून प्रत्येक पूर्णविरामाला एक कंट्रोल एस. दोन ओळींच्या रहिवासी दाखल्याच्या अर्जालाही चारदा. सवय इतकी हाडात मुरली, की इंटरनेटवर सातबारा बघतानाही बोट चालतं, आणि ब्राउझर बिचारा विचारतो की हे पान कुठं साठवून ठेवू. सर दर वेळी तितक्याच आश्चर्यानं त्याला ‘नको’ म्हणतात.

या सगळ्या विद्येची गंमत अशी, की ती बोटांत आहे, तोंडात नाही. भूम तालुक्यातल्या एखाद्या मुख्याध्यापकांचा फोन येतो. “सर, शीर्षक मधोमध घ्यायचं बटण कोणतं वं?” सर गप्प. मग “थांबा” म्हणून फोन टेबलावर ठेवतात, नवीन पान उघडतात, एक शब्द टाइप करतात, डोळे मिटून बोट मारतात, डोळे उघडून ते बोट कुठं पडलं ते बघतात, आणि फोन उचलून एखाद्या तज्ज्ञासारखं सांगतात: “कंट्रोल ई.” ओळींत दीडपट अंतर हवं तर कंट्रोल पाच, दुप्पट हवं तर कंट्रोल दोन, दोन्ही कडा सरळ हव्या तर कंट्रोल जे. सगळं असंच, बोटाला विचारून. एकदा मधल्या बोटाला प्लास्टर होतं, तेव्हा पंधरा दिवस सरांना काहीच आठवत नव्हतं.

पण नुसत्या वर्डवर सरांचं मोठेपण ठरत नाही. सरांच्या दुकानात प्रतिज्ञापत्र होतं, लग्नपत्रिका होते, वाढदिवसाचा फ्लेक्स होतो आणि पतसंस्थेचा अहवालही होतो. म्हणजे वर्ड, पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप, एक्सेल ही पाच राज्यं एकाच टेबलावर, आणि प्रत्येक राज्यात त्याच बटणाचा कायदा वेगळा. वर्डमध्ये कंट्रोल ई म्हणजे ओळ मधोमध. कोरलमध्ये कंट्रोल ई म्हणजे एक्स्पोर्ट, फाईल दुसऱ्या रूपात बाहेर काढणं. फोटोशॉपमध्ये तेच दाबलं की वरचा थर खालच्यात मुरतो. कंट्रोल आय वर्डमध्ये अक्षर तिरकं करतो, कोरलमध्ये बाहेरचं चित्र आत आणतो. कंट्रोल डी वर्डमध्ये फॉन्टची खिडकी उघडतो, एक्सेलमध्ये वरचा आकडा खाली उतरवतो, पेजमेकरमध्ये बाहेरचं मॅटर पानावर आणतो आणि कोरलमध्ये एकाचे दोन करतो. कट, कॉपी, पेस्ट तेवढं बहुतेक ठिकाणी एकसारखं आहे. ते घडवणाऱ्यांत प्रमुख लॅरी टेस्लर, आणि त्यानं ते काम १९७० च्या दशकात केलं ते झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात. दुकानावरच्या पाटीत ज्या कंपनीचं नाव सर फुकट वापरतात, तिचे त्यांच्यावर असे दुहेरी उपकार आहेत. सरांना हे ठाऊक नाही. सांगितलं तर म्हणतील, “मग सी-व्ही-एक्ससारखं बाकीचं पण एक करायला काय झालं होतं त्याला?” प्रश्न रास्त आहे.

सर स्वतः या पाच राज्यांतून बिनपरवाना फिरतात. खिडकी बदलली की हात बदलतो. फजिती होते ती पोराची. प्रत्येक सरांकडं एक पोरगं कामाला असतं, आणि ते हमखास फ्लेक्सच्या दुकानातून आलेलं असतं, म्हणजे कोरलवर वाढलेलं. वकीलसाहेबांचं प्रतिज्ञापत्र वर्डमध्ये तयार होतं, फक्त पीडीएफ करायची होती. पोरानं आधी सगळं मॅटर निवडलं आणि आत्मविश्वासानं कंट्रोल ई मारलं. एक्स्पोर्ट झालं असं समजून प्रिंटही दिली. सत्यप्रतिज्ञेवर कथन करणारा अर्जदार, त्याचं वय, धंदा, गट नंबर, चतुःसीमा, सगळं ओळीओळीनं पानाच्या मधोमध उभं. वकीलसाहेबांनी कागद लांब धरून बघितला आणि विचारलं, “हे अफिडेव्हिट हाय का आरती?”

कंट्रोल क्यूची कथा याहून कडक. कोरलमध्ये ते सगळ्यात पवित्र बटण. तुळजापूरला नवरात्राचे फलक लागतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात धाराशिवात जितकी बटणं दाबली जातात त्यांत याचा नंबर वरचा असेल. फ्लेक्स छापायला फाईल सोलापूरला किंवा लातूरला जाते. तिथल्या मशीनवर सरांकडचा मराठी फॉन्ट असेलच असं नाही. नसला की जोडाक्षरं फुटतात, ‘शुभेच्छुक’ ओळखू येत नाही आणि भावी सरपंच दुकानात येऊन बसतो. म्हणून पाठवण्याआधी सगळं मॅटर निवडायचं आणि कंट्रोल क्यू मारायचं. त्याला धंद्यात ‘कर्व्ह करणं’ म्हणतात. अक्षराचं अक्षरपण जातं आणि नुसती आकृती उरते. मग फॉन्ट असो-नसो, दिसायचं तसंच दिसतं. “कर्व्ह केलीस का?” हा प्रश्न सर पोराला दिवसातून जितक्या वेळा विचारतात, तितक्या वेळा “जेवलास का?” विचारत नाहीत. पण तेच कंट्रोल क्यू पेजमेकरमध्ये अख्खा कारभार आटोपून बाहेर पडतं, आणि वर्डमध्ये परिच्छेदाला दिलेलं सगळं वळण पुसून टाकतं. म्हणजे एका राज्यात जे बटण अक्षर कायमचं बांधून ठेवतं, ते दुसऱ्यात बांधलेलं सोडतं आणि तिसऱ्यात दुकान बंद करतं.

सरांचं खरं रूप बघायचं तर दुसऱ्याची फाईल त्यांच्यापुढं उघडताना बघावं. पेनड्राइव्ह लागला, फाईल उघडली, की मजकूर न वाचता सर आधी कंट्रोल शिफ्ट आठ दाबतात. लगेच पानावर जिथं स्पेस असेल तिथं ठिपका आणि जिथं एन्टर असेल तिथं उलट्या पीसारखी खूण उमटते. वैद्यानं नाडी धरावी तसे सर ते ठिपके बघतात आणि रोग्याचं घराणं सांगतात. शीर्षकाच्या आधी तीस-चाळीस ठिपके असले, तर स्पेसबार दाबत दाबत मधोमध आलेला गुरुजी. पुढच्या पानावर जाण्यासाठी वीस एन्टर मारलेले असले, तर पंचायतीतलं काम. तिथं नुसतं कंट्रोल एन्टर मारलं की पान बदलतं, हे सर सांगत नाहीत, कारण मग ती फाईल पुन्हा दुरुस्तीला येणार नाही. दोन शब्दांत तीन-तीन ठिपके म्हणजे घाईतला माणूस, एकाला ते म्हणाले, “मालक, बीपीची गोळी घेता का?” तो घेत होता.

तपासणीनंतर उपचार. वर्डमध्ये कंट्रोल क्यूनं परिच्छेद साफ होतो आणि कंट्रोल स्पेसनं अक्षरावरचा ठळक-तिरकेपणाचा सगळा शेंदूर निघतो. मात्र इथं सर पाच सेकंद थांबतात, आणि त्या पाच सेकंदांचेच ते पैसे घेतात. फाईल युनिकोडमध्ये आहे का कृतीदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात, हे आधी बघायचं. जुन्या फॉन्टाची करामत अशी, की कॉम्प्युटरच्या पोटात साठवलेलं असतं इंग्रजीच, फॉन्ट त्यावर मराठीचं सोंग चढवतो. कृतीदेवमध्ये ‘जिल्हा’ लिहिलंत तर आत असतं एफ, टी, कॅपिटल वाय, जी, के. फॉन्ट आहे तोवर जिल्हा. कंट्रोल स्पेसनं शेंदूर काढायला जावं तर फॉन्टही निघतो आणि देवाच्या जागी नुसता एफटीवायजीके उरतो. युनिकोडमध्ये तसं होत नाही, तिथं ज हा ज म्हणूनच साठतो. फॉन्ट बदला, काढा, काहीही करा, वाचता येतो.

आता एफ-बारा, टॅब, पी. हे सरांचं सगळ्यात देखणं वादन. वर्डमध्ये एफ-बारा दाबलं की सेव्ह अ‍ॅजची खिडकी उघडते, टॅबनं फाईलचा प्रकार निवडायच्या रकान्यात जायचं, पी दाबला की यादीतलं पीडीएफ पुढं येतं, एन्टर. चार ठोसे, एक सेकंद, आणि कागद कायमचा गोठला. अडोबी कंपनीनं १९९३ साली पीडीएफ काढलं ते कुठल्याही मशीनवर कागद सारखाच दिसावा म्हणून. धाराशिवला त्याचा मुख्य उपयोग म्हणजे कुणी मधल्यामध्ये आकडा बदलू नये. पण त्या यादीत पीवरून सुरू होणारी नावं दोन आहेत. पी एकदा दाबला तर पीडीएफ, दोनदा दाबला तर प्लेन टेक्स्ट. नुसता मजकूर, ना फॉन्ट, ना तक्ता, ना मधोमध.

एका संस्थेचा वार्षिक अहवाल कृतीदेवमध्ये होता. मुदतीचा शेवटचा दिवस, सर जेवायला गेलेले, पोराचा पी दोनदा पडला. वर्डनं भलेपणानं विचारलं की सगळी सजावट जाणार आहे, चालेल का. पोरानं एन्टर मारला, कारण सरांकडून तो एवढंच शिकला होता की खिडकी उघडली की एन्टर मारायचा. मेल गेली. तासाभरानं वरच्या कचेरीतून फोन. “अहो, ही कोणती भाषा पाठवलीय?” सर नुकतेच ढेकर देत खुर्चीवर बसले होते. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, “मराठीच हाय सायेब. फॉन्ट न्हाई.”

मग आलं नामांतर. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि शहर धाराशिव झालं. जिल्ह्याची अधिसूचना सप्टेंबरात निघाली. मधले महिने ‘शहर धाराशिव, जिल्हा उस्मानाबाद’ असे गेले. बाकी जिल्ह्यात या विषयावर कोण काय बोललं ते सोडा. सरांसाठी तो कंट्रोल एचचा सुगीचा हंगाम होता. शोधा, बदला. संस्थांचे लेटरहेड, बिलबुकं, शिक्के, अर्जांचे नमुने, सगळे रांगेत. पोराला वाटलं, ‘सगळे बदला’ एकदा दाबलं की झालं. एका विद्यार्थ्याचा इतिहासाचा प्रकल्प होता; त्यात लिहिलं होतं की सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवला उस्मानाबाद म्हणू लागले. छापून आलं: सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवला धाराशिव म्हणू लागले. ‘उस्मानाबादेत’चं ‘धाराशिवेत’ झालं. आणि येरमाळ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या कर्जप्रकरणात ‘उस्मानाबादी शेळी’ची ‘धाराशिवी शेळी’ झाली. उस्मानाबादी ही देशभर नाव असलेली जात. दोन करडं देणारी, दुष्काळात तग धरणारी. माणसांच्या जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं नाही. शेतकऱ्यानं कागद वाचला आणि म्हणाला, “सर, ही जात आपल्याकडं कधी आली?” तेव्हापासून सर ‘सगळे बदला’ दाबत नाहीत. एकेक शोधतात, थांबतात, वाचतात, मग बदलतात. आयुष्यात पहिल्यांदाच ते मॅटर वाचायला लागले, असं त्यांच्या घरचे म्हणतात.

शोधही साधा नाही. युनिकोडमध्ये ‘उस्मानाबाद’ शोधून श्रीलिपीच्या फाईलमध्ये काही सापडत नाही. तिथं आतली अक्षरंच वेगळी. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकासाठी दोन वेळा कंट्रोल एच. आणि कर्व्ह केलेल्या जुन्या फायलींत तर शोधायला अक्षरच नाही, नुसत्या रेषा. तिथं सरकारची अधिसूचना पोचत नाही. २०२० च्या जानेवारीत इथं ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हाच्या एखाद्या फलकाची कर्व्ह केलेली फाईल सरांच्या मशीनवर असलीच, तर त्यातलं उस्मानाबाद आता पुन्हा पहिल्यापासून टाइप केल्याशिवाय जाणार नाही. सर म्हणतात, “जाऊ द्या की. तवा तेच नाव होतं.” या एका बाबतीत ते इतिहासकारांच्या बाजूनं आहेत, फुकटात काम करावं लागत नसल्यामुळं.

हल्ली गिऱ्हाईक मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तेही मोबाईलशी बोलून टाइप केलेलं. म्हणजे युनिकोड. सरांचा कोरल जुना, त्याला युनिकोड मराठी पेलत नाही. म्हणून सर ते श्रीलिपीत उतरवतात, पत्रिका करतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, तेच मॅटर पोर्टलवर टाकायला युनिकोडमध्ये पाहिजे. सर पुन्हा वर चढवतात. जाताना रफार एकीकडं सरकतो, येताना वेलांटी दुसरीकडं. ‘कार्यक्रम’ घरून निघालेला असतो तसा परत येत नाही. जाण्याचे वेगळे पैसे, येण्याचे वेगळे. मूळ मेसेज गिऱ्हाइकाच्या खिशात जसाच्या तसा असतो. हे दोघांपैकी कुणाच्याही लक्षात येत नाही. किंवा एकाच्या येतं.

एवढं सगळं रूपांतर करणारा माणूस एक रूपांतर मात्र कधीच करून देत नाही, ते म्हणजे ओपन फाईल. पीडीएफ घ्या, जेपीजी घ्या, हव्या तितक्या प्रिंटा घ्या. मूळ फाईल मागितली की सरांना एकदम कमी ऐकू येतं. कारण सरळ आहे. ओपन फाईल मिळाली की पुढच्या वर्षी तुम्ही तारीख बदलून शेजारच्या बोळातल्या सरांकडून छापून घ्याल. ‘तेर लग्न’, ‘ढोकी शेती वाटणी’, ‘नळदुर्ग दुकान उद्घाटन’, ‘येरमाळा शेळी’ अशा नावांनी अर्ध्या जिल्ह्याचा संसार त्या मशीनमध्ये आहे, आणि तो पासवर्ड लावून नाही, तर कुठली फाईल कुठं ठेवली हे फक्त सरांच्या बोटांना माहीत आहे म्हणून सुरक्षित आहे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर यात लबाडी दहा टक्के, बाकी भीती. मराठी ४० च्या प्रमाणपत्राला आता पूर्वीचा मान नाही आणि मोबाईलवर कंट्रोलचं बटण नाही.

तेव्हा तुमचं काही काम निघालं तर दुपारी एक ते तीन जाऊ नका, त्या वेळी पोरगं असतं. मॅटर युनिकोडमध्ये न्या आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. प्रिंट हातात आल्यावर गावाचं नाव आणि शेळीची जात दोन्ही तपासा. पैसे सुटे द्या, आणि ओपन फाईल मागू नका, मिळत नाही.